सेन्सरवर घेतलेला आळ

रविवार, १७ जानेवारी १९९९

गाडीची खरी किंमत आजच लिहून ठेवतो. कागदावरची रक्कम सोडा, ती देऊन झाली. खरी किंमत अशी: अंगणातले बोंबील वाळत घालायचे बांबू उपटावे लागले, कारण गाडी उभी करायला दुसरी जागा नाही. माझी बावीस वर्षांची फटफटी गेली. आणि वेणूचं माझ्याशी बोलणं आठ दिवस गेलं. नवव्या दिवशी बोलली ते एवढंच, "आता बोंबील कुठे, तुमच्या टपावर वाळवू?"

तरी सौदा वाईट नाही. विजेच्या कारखान्यावरच्या एका साहेबाने आखातातून आणलेली गाडी. साहेबाची बदली झाली आणि इंजेक्शनची गाडी म्हणून डहाणूत कुणी हात लावेना. कार्बोरेटर नाही, सगळा कारभार कॉम्प्युटरचा. मी म्हटलं, कॉम्प्युटर असला म्हणून काय झालं, शेवटी पेट्रोलच पितो ना?

घेतली ती नीलमसाठी. दोन वर्षांपूर्वी तळासरीहून शेअर जीपमध्ये उभ्याने येताना पोरीचं पहिलं गेलं. चौथा महिना होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीपमुळेच असं नाही सांगता येत. पण मी त्या दिवसापासून जीपचा आवाज ऐकला की मान फिरवतो. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. या वेळी माझी पोर माझ्या गाडीतून माहेरी येणार.

आज चालवून पाहिली. टाकीतला पेट्रोलचा पंप इतका गुपचूप की चालतो की नाही ते कळत नाही. परदेशी माल तो परदेशी माल. स्टेशन रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजात पोरं जमली होती. सांगितलं त्यांना, मी आमच्या आगर गावच्या बोटींच्या इंजिनांवर कान तयार केलेला माणूस आहे. गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी तिचं दुखणं सांगतो. इंजिनातला आवाज माझ्या कानांतून निसटत नाही.

रविवार, २४ जानेवारी

नीलमला आणलं. सातवा लागला.

लेकीच्या सासरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून खारवलेल्या मासळीची पाटी मागच्या सीटवर ठेवली. डिकीत ठेवली असती, पण तिथे माझी हत्यारं. निघताना वेणू ओट्यावरून काहीतरी पुटपुटली. ही नेहमी पाठमोरी बोलते आणि मग म्हणते, सांगितलं होतं.

तळासरीला व्याह्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. देवेशराव, आमचे जावई, पंचायत समितीत कारकून. सभ्य माणूस, बोलतो इतकं हळू की समोरच्याने मान पुढे करावी. मला म्हणाले, "बाबा, हिला जपा." मी म्हटलं, "माझी गाडी आहे, देवेशराव. पाळण्यातून नेतो."

पाटीतलं खारं पाणी सीटवर थोडं सांडलं होतं. फडक्याने पुसून घेतलं. वास राहील चार दिवस. आमच्या नाकांना तो वास नव्हेच.

बुधवार, ३ फेब्रुवारी

यंदा आगरात डास नाहीत. एकही ऐकला नाही. वेणू तरी नीलमसाठी मच्छरदाणी बांधते. म्हटलं बांध, बायकांना बांधाबांधीची हौस.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

वेणूला घेऊन कासाच्या बाजारात गेलो होतो. येताना चारोटीच्या अलीकडे गाडी बंद पडली. आधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, मग तिने तीन आचके दिले आणि मेली. पाव तास उभी राहिली, मग जणू काही झालंच नाही अशी चालू झाली.

आचके यायच्या आधी वेणू मागून काहीतरी सांगत होती. मी हात करून गप्प केलं. इंजिन ऐकायचं तर दुसरा आवाज नको.

इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. हेच कळत नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

साहेबाने गाडीबरोबर जाड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. माझी शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे नीलमला बसवलं वाचायला. म्हणाली, बोनेटखाली एक छोटं सॉकेट आहे, त्यातल्या दोन टोकांना तार जोडली की पिवळा दिवा लुकलुकून रोग सांगतो. मी म्हटलं, नाडीवैद्यच की.

तार शोधत बसलो तर वेणूने अंबाड्यातला आकडा काढून दिला. आकडा सॉकेटात, नीलम ड्रायव्हरच्या सीटवर, पोटावर पुस्तक. "तीन... थांबला. एक, दोन, तीन, चार, पाच. परत तीन. बाबा, पस्तीस!" लहानपणी बोटी मोजायची तसा आवाज. पुस्तकात पस्तीस काढलं. वाचलं तिने, "पेट्रोलचा दाब कमी. सेन्सर किंवा दाब तपासा."

"सेन्सर," मी म्हटलं.

"किंवा दाब," ती म्हणाली.

"दाब कमी असता तर मला ऐकू आलं नसतं का? सेन्सर खोटं बोलतोय. सुपारीएवढी वस्तू, ती मला शिकवणार?"

नीलम हसली. हसताना बूट घट्ट झाल्यासारखं पायाकडे बघत होती. सपाता वेणूच्या घातल्या होत्या, तिच्या तिला येत नाहीत म्हणे. माहेरचं अन्न लागलं अंगाला.

शनिवार, २० फेब्रुवारी

मुंबईहून सेन्सर आला. बसच्या कंडक्टरने खिशातून आणला, सोन्याच्या वस्तूसारखा. अर्ध्या तासात बसवला. चारोटीपर्यंत जाऊन आलो, दिवा नाही. गॅरेजात सगळ्यांना चहा.

रविवार, २१ फेब्रुवारी

दिवा लागला. बाणगंगेच्या चढावर बंद.

गुरुवार, ४ मार्च

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण डायरीत खोटं लिहून कुणाला फसवायचं.

देवेशराव रजा काढून आले होते. सकाळी नीलमला डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि तिला घरी सोडून सरळ गॅरेजात आले. मी गाडीखाली. पायांजवळ उभं राहून म्हणाले, "बाबा, प्रेशर वाढलंय."

मी खालूनच म्हटलं, "वाढलं नाही हो, पडतंय."

"नाही बाबा. मशीनवर दोनदा बघितलं."

"मशीन खोटं बोलतं. मी तीन आठवडे तेच बघतोय."

ते आणखी खाली वाकले, "बाईंनी सांगितलंय, मीठ बंद करा."

मी इतका हसलो की डोकं सायलेन्सरला आपटलं. "मिठाचा काय संबंध, देवेशराव? गाडीला काय लोणचं घालायचंय?"

"गाडीला नाही, बाबा. नीलमला."

बाहेर आलो. देवेशरावांच्या हातात डॉक्टरीणबाईंचा कागद होता. नीलमचं रक्ताचं प्रेशर चढलंय. पायांची सूज त्याचीच. आठवड्यातून दोनदा तपासायचं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर एक मिनिट थांबायचं नाही, सरळ वलसाडला मोठ्या इस्पितळात. इथे शस्त्रक्रिया होत नाही. उशीर झाला तर आईचं बरंवाईट होऊ शकतं, पोराचंही.

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "त्यांचं मशीन जुनं असेल." देवेशरावांनी रुमालाने माझ्या कपाळावरचं काळं ग्रीस पुसलं. माझ्या मुलानेही कधी पुसलं नसतं, मला मुलगा असता तर.

शनिवार, ६ मार्च

झोपच आली नाही म्हणून पहाटे गॅरेजात जाऊन दाबाचं गेज जोडलं. वेल्डिंगच्या सिलिंडरवरचं जुनं गेज, पेट्रोलच्या नळीत मध्ये तीन तोंडांची टी बसवून. लांब नळी काढून गेज काचेवर बाहेरून बांधलं, म्हणजे चालवता चालवता काटा दिसतो. कासापर्यंत गेलो. गाडी तापली, काटा हळूहळू खाली आला, दिवा लागला, गाडी मेली. याच क्रमाने.

म्हणजे दाब खरंच पडत होता. जुना सेन्सर खरं बोलत होता, नवाही तेच बोलतोय. मी मात्र बिचाऱ्यावर आळ घेऊन त्याला काढून टाकलं. घरी येऊन जुना सेन्सर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

आणि डॉक्टरीणबाईंकडे जाऊन, मशीन कसं चालतं ते दाखवा म्हटलं. त्यांनी माझ्याच दंडाला पट्टा बांधला. माझं प्रेशर बरोबर आलं. मशीन चांगलं आहे.

सोमवार, ८ मार्च

नीलमचं मीठ बंद. आमच्या घरात मीठ बंद म्हणजे काय ते आमच्याकडे जेवलेल्यालाच कळेल. सुकट नाही, खारं नाही, लोणचं नाही. पहिल्या दिवशी पोर भात चिवडत बसली. दुसऱ्या दिवसापासून मी वेणूला सांगितलं, मलाही तेच वाढ. नीलम म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "मला आवडतं." ती म्हणाली, "पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा?" मग आम्ही दोघं समुद्राकडे बघत अळणी सरंगा खाल्ला. तिसऱ्या घासाला ती हसायला लागली, मग मी.

वेणू आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. तिचंही ताट अळणीच होतं, हे मी नंतर बघितलं.

गाडीचं म्हणाल तर पंप थकला असावा. पण तो टाकीच्या पोटात, आणि टाकी खालून उतरवायची तर दोन दिवसांचं काम. मुंबईला पंप सांगितलाय, पंधरा-वीस दिवस लागतील. तोवर गाडी बाहेर काढायची नाही. चंदर मेकॅनिकच्या, म्हणजे माझ्या, दारात माझीच गाडी आजारी, अख्ख्या स्टेशन रस्त्याला करमणूक.

मंगळवार, १६ मार्च

प्रेशर थोडं उतरलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या.

पंप अजून नाही.

बुधवार, २४ मार्च

कालचं आज लिहितोय, वलसाडच्या इस्पितळातल्या बाकावर बसून.

काल सकाळी दहाच्या सुमाराला नीलम म्हणाली, डोकं फुटतंय. आणि, "बाबा, अंगणात काजवे कसे दिवसा?" वेणूने माझ्याकडे बघितलं. पळत डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी पट्टा बांधला, सोडला, इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली आणि एकच शब्द बोलल्या, "निघा." रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला दोन तास. आगगाडी दुपारची. शेजारच्या भिकाची जीप बाजाराला गेलेली. राहिली माझी.

मला माहीत होतं ती चाळीस मिनिटांत तापते आणि मरते. वलसाड त्याच्या दुप्पट लांब. गेल्या तीस वर्षांत हजार लोकांना ठणकावून सांगितलं असेल, अशा गाडीत बायको-पोरं बसवू नका. आणि मी बसवली. नीलम मागे आडवी, डोकं वेणूच्या मांडीवर. भिकाच्या दुकानातून देवेशरावांना फोन केला, तळासरीला रस्त्यावर उभे राहा.

चारोटीवरून हायवेला लागलो. गेज काचेवर तसंच बांधलेलं होतं, पण मला रस्त्यावरून डोळा हलवायचा नव्हता. तळासरी सात-आठ किलोमीटर राहिली असेल. इंजिन मख्खन. मी मनात म्हणत होतो, आज चालतेय, आज चालतेय.

मागून वेणूने माझ्या खांद्याला हात लावला आणि तोंड कानाशी आणून म्हणाली, "अवो, बाजूला घ्या. गुणगुण बारीक झाली."

"कसली गुणगुण?"

"ही हो. बसल्यापासून चालते ती. मागच्या वेळीही अशीच बारीक झाली, मग मेली गाडी. तेव्हा सांगत होते तर हात केलात."

मला वाटलं, घाबरलीय. काट्याकडे बघितलं. काटा खाली येत होता. मग दिवा लागला. मग पहिला आचका. उतारावर होतो म्हणून कडेच्या वडाखाली गाडी नेऊन उभी करता आली.

"कुठे ऐकू येते?"

तिने सीटवर थापटलं. "इथं. माझ्या बुडाखाली."

मी म्हटलं, तिथे काही नसतं, वेणू, टाकी खालून असते. ती म्हणाली, "तुम्ही बघा तर." नीलमला दोघांनी धरून पुढच्या सीटवर आणलं, सीट मागे पाडली. ती डोळे मिटून पुटपुटत होती. मी मागची सीट ओढून काढली.

सीटखाली पत्र्याचं गोल झाकण. झाकणावर पंपाच्या तारांचं सॉकेट. आणि त्याच्यावर आगरच्या मिठागरासारखा पांढरा थर, खाली हिरवं हिरवं. सांदीत एका बोंबलाची शेपटी चिकटलेली. पंपाला काही झालं नव्हतं. त्याच्याकडे जाणाऱ्या तारेला खारं पाणी लागून ती सडली होती. तापली की वीज अर्धी पोचायची, पंप दमायचा, दाब पडायचा. सेन्सर बापडा तेवढंच सांगत होता.

सॉकेट तोडून टाकलं. तारा सुरीने खरवडल्या, तांबं दिसेपर्यंत. दोन्हींना पीळ देऊन टेप गुंडाळली. टेपचं टोक वेणूने दातांनी तोडलं. किल्ली फिरवली. काटा वर चढला आणि वरच राहिला.

सीट न बसवता तशीच पत्र्यावर गोधडी टाकून वेणू बसली. निघताना मी म्हटलं, "पाटीखाली प्लास्टिक घाल असं एकदा सांगितलं असतंस तर." वेणू खिडकीबाहेर बघत राहिली. नीलम पुढून डोळे मिटूनच म्हणाली, "तीनदा सांगितलं होतं तिने, बाबा. नंतर आई मला तेच सांगत होती, तेव्हाही तुम्ही तिच्या मागेच उभे होतात." तिला भ्रम होत असावा, मी गिअर टाकला.

तळासरीला देवेशराव रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभे होते. चालत्या गाडीत बसले म्हटलं तरी चालेल. पुढचं मला सलग आठवत नाही. काटा आठवतो. वापीचा पूल. इस्पितळाचं फाटक, चाकांची खाट, आणि देवेशराव पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "बाजूला व्हा!"

चारच्या सुमाराला मुलगी झाली, पोट उघडून. महिनाभर आधी आली, त्यामुळे काचेच्या पेटीत ठेवलीय. माझ्या दोन तळव्यांत मावेल. नीलमचं प्रेशर सकाळपासून उतरायला लागलंय. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर दोघींबद्दल काही सांगता आलं नसतं.

वेणू बाकावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीय. उजव्या खांद्यावर. आता लक्षात येतं, ती गेली दोनएक वर्षं नेहमी उजवीकडेच बसते. मला वाटायचं, सवय.

शनिवार, २७ मार्च

पेटीतून काढलं. देवेशरावांनी मला धरायला दिलं. मी म्हटलं, नको, हात काळे आहेत. ते म्हणाले, "धुतलेत की बाबा, चार वेळा." धरलं.

रविवार, ४ एप्रिल

आज सगळ्यांना घरी आणलं. मागच्या सीटखाली नवं सॉकेट बसवलंय, वर रबराची शीट. मासळीच्या पाट्या यापुढे भिकाच्या जीपने.

इस्पितळाच्या दारात किल्ली फिरवली, गाडी अजून चालू केली नव्हती. नीलमच्या मांडीवर पोरीने डोळे उघडले आणि मान सीटकडे वळवली. वेणू म्हणाली, "बघा, ऐकलं तिने. पंप बोलतोय."

मी सगळ्यांना गप्प केलं. किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली. नीलम म्हणाली, "हो बाबा, हा काय." देवेशराव म्हणाले, मलाही येतोय. इंजिन बंद, काचा वर, फाटकाबाहेरचा चहावालासुद्धा गप्प. मान वळवून उजवा कान सीटला लावला. तीनदा किल्ली फिरवली.

बारा दिवसांच्या पोरीला ऐकू आला. मला आला नाही.